दोन दिवसांचे शिबिर, दोन महिन्यांची तयारी
स्काऊट-गाईड संघांच्या निवासी स्पर्धेचे नियोजन कसे करावे?

शनिवारी दुपारी तंबू ठोकायचे, रात्री शेकोटी करायची आणि रविवारी संध्याकाळी बक्षिसे वाटून घरी परतायचे, एवढेच स्काऊट-गाईड पथकांच्या निवासी स्पर्धेचे स्वरूप असते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात दहा ते सतरा वयोगटातील साठ-सत्तर मुलांना एक रात्र उघड्या मैदानावर ठेवणे, त्यांच्याकडून स्वयंपाक करून घेणे आणि त्या सगळ्याला न्याय्य गुण देणे, ही मोठ्या जबाबदारीची गोष्ट आहे. नियोजन कच्चे राहिले तर मुलांच्या सुरक्षिततेलाच बाधा येते. ते केवळ देखावा म्हणून झाले तर तंबू शिक्षक ठोकतात, स्वयंपाक पालक करतात आणि ढाल मात्र मुलांच्या हाती येते. अशी स्पर्धा भरवू इच्छिणाऱ्या शाळा, पथके आणि स्थानिक संस्थांसाठी या तयारीचा हा आढावा.

संघ हाच स्पर्धक

स्काऊट चळवळीचा उगमच मुळी एका शिबिरात झाला. रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राऊनसी बेटावर वीस मुलांचे प्रायोगिक शिबिर घेतले. त्यात उच्चभ्रू निवासी शाळांमधील मुले होती, तशीच सामान्य कामकरी कुटुंबांतीलही होती. त्यांचे चार संघ पाडून प्रत्येक संघाची जबाबदारी त्यांच्यातल्याच एका मुलावर सोपविण्यात आली. पुढे सर्वत्र रूढ झालेल्या संघपद्धतीची ही सुरुवात होय. भारतात १९०९ मध्ये बंगळूर येथे पहिले पथक सुरू झाले. मात्र सुरुवातीच्या काळात भारतीय मुलांना या चळवळीत स्थान नव्हते. डॉ. अ‍ॅनी बेझंट, पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांच्या प्रयत्नांतून भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना उभ्या राहिल्या. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी विविध संघटनांचे एकत्रीकरण होऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था अस्तित्वात आली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईड संघटनाही तीत विलीन झाली.

संघात साधारणपणे सहा ते आठ मुले असतात आणि अशा संघांचे मिळून पथक होते. संघनायक, उपसंघनायक, कोठी सांभाळणारा, स्वयंपाकाचा प्रमुख, पाणी व इंधन पाहणारा, प्रथमोपचार पेटीची जबाबदारी असलेला, नोंदी ठेवणारा अशी कामे वाटून दिलेली असतात. निवासी स्पर्धेत स्पर्धक असतो तो हा संघ. स्पर्धा शाळाशाळांमध्ये किंवा स्काऊट मास्तरांमध्ये नसते आणि एकट्या हुशार मुलाचीही नसते. नियोजनाचा प्रत्येक निर्णय या कसोटीवर घासून पाहावा.

तारीख ठरविताना

महाराष्ट्रात पावसाळा संपल्यानंतर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा शिबिरांचा योग्य काळ मानला जातो. त्यातही डिसेंबरमध्ये शाळांची स्नेहसंमेलने आणि सहली असतात, तर फेब्रुवारीपासून दहावी-बारावीच्या परीक्षांचे वेध लागतात. २२ फेब्रुवारी हा बेडन-पॉवेल यांचा जन्मदिन जगभर चिंतन दिन म्हणून पाळला जातो. परंतु त्या सुमारास स्पर्धा ठेवल्यास मोठी मुले, म्हणजेच अनुभवी संघनायक, नेमके गैरहजर राहण्याची शक्यता असते. त्यामुळे नोव्हेंबरचा उत्तरार्ध किंवा जानेवारीचा दुसरा आठवडा अधिक सोयीचा ठरतो.

या दिवसांत सूर्यास्त सायंकाळी सहाच्या सुमारास होतो, ही बाब वेळापत्रक आखताना विसरून चालत नाही. अनेक शाळा शनिवारी सकाळच्या सत्रात भरतात. मुले दुपारी एक वाजता निघून दोन वाजता स्थळी पोहोचली, तर तंबू उभारण्यासाठी दिवसाउजेडाचे जेमतेम चार तास हाती उरतात. म्हणून स्थळ शाळेपासून तासाभराच्या प्रवासापेक्षा लांब नसावे. रम्य पण तीन तास लांब असलेल्या जागेपेक्षा शहरालगतचे शाळेचे किंवा संस्थेचे मोठे मैदान अशा स्पर्धेस अधिक उपयुक्त असते. नाशिक, निफाड परिसरात थंडीच्या लाटेत किमान तापमान दहा अंशांखाली जाते. तेथे पांघरुणाची यादी कोकणातल्यापेक्षा वेगळी असणार, हे उघड आहे.

जागेची पाहणी

जागा निश्चित करण्यापूर्वी संयोजकांनी तिला दिवसा एकदा आणि अंधार पडल्यानंतर एकदा भेट द्यावी. जमीन किंचित उताराची आणि पाण्याचा निचरा होणारी असावी. ओढ्याच्या पात्रात, वाळलेल्या फांद्यांच्या झाडाखाली किंवा विजेच्या तारांखाली तंबू लावू नयेत. आग्या मोहोळ असलेले झाड अथवा कडा जवळ असल्यास ती जागा सोडून द्यावी. शेकोटीच्या धुराने माश्या उठल्यास साठ मुलांना आवरणे अशक्य होते. धरणाचे पाणी, खाण किंवा विहीर जवळ असेल तर त्या बाजूस दोरी बांधून सीमा आखावी आणि पाण्यात उतरण्यास सरसकट बंदी करावी.

पाणी आणि स्वच्छतागृहे यांचा हिशेब कागदावर मांडणे आवश्यक असते. आठ संघांची ६४ मुले आणि २० प्रौढ मिळून ८४ माणसे होतात. पिणे, स्वयंपाक आणि भांडी यांसाठी माणशी दिवसाला १० लिटर पाणी धरले, तर दीड दिवसासाठी सुमारे १,२६० लिटर पाणी लागते. स्वच्छतागृहांचे पाणी याखेरीज. आपत्कालीन निवाऱ्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार एका शौचालयामागे वीसपेक्षा अधिक माणसे नसावीत. त्या हिशेबाने येथे किमान पाच शौचालये हवीत आणि गाईड्स सहभागी असल्यास मुलींसाठी स्वतंत्र, प्रकाशाची सोय असलेली व्यवस्था हवी.

परवानग्या आणि कागदपत्रे

शालेय सहलींप्रमाणेच शिबिरासाठीही शिक्षण विभागाची पूर्वपरवानगी, मुख्याध्यापकांचे पत्र आणि पालकांची लेखी संमती घ्यावी. स्काऊट-गाईडच्या जिल्हा संस्थेला आगाऊ कळवावे. जिल्हा संघटकांकडून अनुभवी परीक्षकही उपलब्ध होऊ शकतात. जागामालकाची लेखी परवानगी, ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्यास माहिती, तसेच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी संपर्क या गोष्टी किमान महिनाभर आधी उरकाव्यात. राखीव वनात विनापरवाना विस्तव पेटविणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. त्यामुळे वनक्षेत्रात शिबिर असल्यास चूल आणि शेकोटीबाबत वन विभागाचे म्हणणे लेखी स्वरूपात घेणे इष्ट.

प्रत्येक मुलाचा आरोग्य तक्ता हा सर्वांत महत्त्वाचा कागद होय. दमा, फिट्स, मधुमेह, अन्नाची किंवा औषधाची अ‍ॅलर्जी, सुरू असलेली औषधे आणि पालकांचे दोन दूरध्वनी क्रमांक त्यात असावेत. तो कपाटात बंद न राहता शिबिरप्रमुख आणि प्रथमोपचार तंबू या दोन्ही ठिकाणी हाताशी असला पाहिजे.

गुणपत्रिका आधीच हाती द्यावी

स्पर्धेचा आत्मा गुणपत्रिकेत असतो. ती स्पर्धेच्या महिनाभर आधी सर्व संघांना द्यावी. ऐनवेळी उघड होणाऱ्या निकषांमुळे परीक्षा होते, पण प्रशिक्षण होत नाही. उदाहरणादाखल एकूण २०० गुणांची विभागणी पुढीलप्रमाणे करता येईल: तंबू व शिबिरस्थळाची उभारणी ३०, स्वयंपाक ३०, शनिवारची अचानक पाहणी २०, रविवार सकाळची औपचारिक तपासणी २०, कौशल्य फेरी ४०, शेकोटीतील सादरीकरण २०, संघभावना व शिस्त ३० आणि परतताना जागेची सफाई १०.

प्रत्येक शीर्षकाखाली परीक्षकाला डोळ्यांनी पाहता येतील अशा बाबी लिहाव्यात. ‘तंबू नीटनेटका’ असे मोघम न लिहिता खुंट्या योग्य कोनात आहेत काय, ताणदोऱ्या सारख्या ताणलेल्या आहेत काय, दोऱ्यांना अडखळू नये म्हणून खूण बांधली आहे काय, अंथरुणे हवेशीर ठेवली आहेत काय, असे प्रश्न असावेत. त्यामुळे दोन परीक्षकांच्या गुणांत फार तफावत राहत नाही. कोणत्याही परीक्षकाने आपल्या शाळेच्या संघास गुण देऊ नयेत आणि एका शीर्षकाचे गुण सर्व संघांना एकाच परीक्षक जोडीने द्यावेत, हे दोन नियम पाळले तर बहुतेक वाद उद्भवतच नाहीत.

महागड्या साहित्याला गुण देण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. महापालिकेच्या शाळेतील संघाने ताडपत्री, बांबू आणि सुतळी वापरून उभारलेला निवारा, विकत आणलेल्या घुमटाकार तंबूइतकाच किंबहुना अधिक कौशल्याचा असू शकतो. शक्य असल्यास संयोजकांनीच सर्व संघांना एकसारखे तंबू, तितकेच बांबू आणि तितकीच दोरी पुरवावी. शिधाही सामाईक कोठीतून मोजून द्यावा. आठ जणांच्या खिचडीसाठी साधारण ८०० ग्रॅम तांदूळ आणि ३०० ग्रॅम डाळ, शिवाय बटाटे, कांदे, तेल, मीठ-मसाला असे साहित्य सर्वांना समान मिळाले, तर गुण मुलांच्या हाताला मिळतात. पालकांच्या डब्याला मिळत नाहीत.

शनिवार-रविवारचा कार्यक्रम

शनिवारी दोन वाजता आगमन, नोंदणी आणि साहित्य तपासणी होऊन अडीच वाजता उभारणीस सुरुवात व्हावी. साडेचारपर्यंत तंबू उभे राहिले की चहा, त्यानंतर सूचना आणि सूर्यास्तापूर्वी ध्वजावतरण. साडेपाच ते साडेसात स्वयंपाक. या वेळेत पाणी आणि चूल यांजवळ प्रत्येक दोन संघांमागे एक प्रौढ असावा. त्याने पाहावे, मात्र झारा हाती घेऊ नये. साडेआठ ते पावणेदहा शेकोटी आणि दहाला दिवे बंद.

रविवारी सहाला जाग, व्यायाम, न्याहारी, साडेआठला तपासणी, नऊला ध्वजारोहण आणि प्रार्थना. साडेनऊला कौशल्य फेरी सुरू करावी. आठ संघांसाठी आठ केंद्रे ठेवल्यास एकही संघ रिकामा राहत नाही. प्रत्येक केंद्रावर १५ मिनिटे आणि जाण्यायेण्यास पाच मिनिटे धरली, तर सुमारे १५५ मिनिटांत, म्हणजे बारा वाजून पाच मिनिटांनी फेरी पूर्ण होते. नंतर स्वयंपाक व जेवण, अडीचला आवराआवर, चारला निकाल आणि पाचला प्रस्थान.

केंद्रांवरील कसोट्या पाठांतराच्या नसून कृतीच्या असाव्यात. क्लोव्ह हिच आणि चौरस बांधणी वापरून तिपाई किंवा भांडी ठेवण्याचा मांडव उभारणे, हाताच्या हाडाला इजा झालेल्या जखमीस झोळी बांधणे आणि स्ट्रेचरवरून नेणे, होकायंत्र व नकाशा वापरून खुणा शोधणे, शोधचिन्हांवरून माग काढणे, संदेश अचूक पोहोचविणे, मर्यादित काड्यांत पाणी उकळणे अशी कामे देता येतात. किमच्या खेळात २४ वस्तू एक मिनिट पाहून किमान १६ आठवाव्या लागतात. अंदाजाच्या केंद्रावर झाडाची उंची सावलीवरून काढण्यास सांगता येते: एक मीटरच्या काठीची सावली दोन मीटर असेल आणि झाडाची सावली बारा मीटर भरली, तर झाड सहा मीटर उंच. आठवे केंद्र संघानेच सोडवायच्या एखाद्या अनोळखी समस्येचे असावे.

येथे एक जुनी अडचण पुढे येते. संघातील तरबेज दोघे सगळे करतात आणि लहान मुले बाजूला उभी राहतात. ती टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक केंद्रावर बंद पाकीट ठेवणे. गाठ कोणी बांधायची, माहिती कोणी सांगायची हे त्या पाकिटातील चिठ्ठीवर ठरते आणि त्यात सर्वांत लहान सदस्याचा क्रमांक हमखास येतो. संघाला आपल्या सर्वांत कच्च्या गड्याला शिकविल्यावाचून गत्यंतर राहत नाही. महिनाभराच्या सरावात मोठ्याने लहानाला शिकविणे हेच स्पर्धेचे खरे फलित असते.

सुरक्षिततेला गुण नसतात

सुरक्षिततेच्या बाबी गुणपत्रिकेत घालू नयेत; त्या सक्तीच्या असाव्यात. कुऱ्हाड, कोयता आणि इंधन यांचा वापर प्रौढांच्या देखरेखीखालीच व्हावा. तंबूत दिवा, मेणबत्ती, उदबत्ती किंवा शेगडी नेण्यास बंदी असावी. प्रत्येक चुलीशेजारी पाण्याची आणि वाळूची बादली हवी. मुलांची मोजणी दर जेवणाला, झोपताना आणि उठल्यावर करावी. स्थळ सोडेपर्यंत एक वाहन चालकासह राखीव ठेवावे. १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि ११२ हा आपत्कालीन मदतीचा क्रमांक सर्वांना ठाऊक असावा आणि भ्रमणध्वनीची रेंज नेमकी कोठे मिळते, हे आधीच तपासलेले असावे.

महाराष्ट्रात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप प्रामुख्याने धोकादायक आहेत. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसास चावते आणि तो दंश अनेकदा जाणवतही नाही. म्हणून तळाशी कापड शिवलेले तंबू वापरावेत, अन्नाचे उष्टे-खरकटे तंबूत ठेवू नये आणि रात्री विजेरी व बुटांवाचून बाहेर पडू नये. दंश झाल्यास जखम कापणे, चोखणे किंवा घट्ट आवळपट्टी बांधणे टाळावे. रुग्णास धीर देऊन, दंश झालेला अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवून, प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात विनाविलंब हलवावे. असे रुग्णालय कोणते, हे शिबिराआधीच विचारून ठेवलेले असले पाहिजे.

मुलांच्या तंबूत प्रौढांनी झोपू नये आणि कोणत्याही प्रौढाने एखाद्या मुलासोबत एकांतात राहू नये. गाईड्ससोबत महिला कॅप्टन आणि स्वयंसेविका असणे अनिवार्य आहे. २०१२ च्या बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण कायद्यानुसार गैरप्रकाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळविणे बंधनकारक असते. ती परस्पर मिटविण्याचा अधिकार कोणालाही नाही, ही बाब प्रत्येक स्वयंसेवकाला लेखी द्यावी.

माघार घेण्याची तयारी

मोठ्या यंत्रणांचेही नियोजन कसे कोलमडू शकते, याचे उदाहरण दक्षिण कोरियातील सेमांगम येथे ऑगस्ट २०२३ मध्ये भरलेल्या पंचविसाव्या जागतिक स्काऊट जांबोरीने घालून दिले. समुद्र हटवून तयार केलेल्या, सावली नसलेल्या सपाट जमिनीवर सुमारे ४३ हजार जण एकत्र आले होते. पाण्याचा निचरा होत नव्हता, स्वच्छतागृहांबाबत तक्रारी होत्या आणि तीव्र उष्म्याने शेकडो जण आजारी पडले. ब्रिटन आणि अमेरिकेच्या पथकांनी मुदतीपूर्वीच तळ सोडला. पाठोपाठ ‘खानून’ चक्रीवादळाच्या धोक्यामुळे ८ ऑगस्टपासून संपूर्ण तळ रिकामा करावा लागला. सावली, निचरा, शौचालये आणि पर्यायी निवारा या चार साध्या गोष्टींवर तेथे सारे अडले.

साठ मुलांच्या शिबिरालाही हेच लागू पडते. भारतीय हवामान विभागाचा इशारा आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी पाहावा. विजांसह पाऊस आल्यास मुले कोणत्या पक्क्या इमारतीत जाणार, तेथील किल्ली कोणाकडे आहे आणि शिबिर थांबविण्याचा निर्णय कोण घेणार, या तीन प्रश्नांची उत्तरे निघण्यापूर्वी तयार असावीत. निर्णय घेणारी व्यक्ती एकच असावी आणि ती परीक्षक किंवा कोणत्याही संघाची मार्गदर्शक नसावी.

निकाल कसा लावावा?

केवळ पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक काढल्यास उरलेले पाच संघ हरल्याच्या भावनेने परततात. त्याऐवजी ८० टक्क्यांहून अधिक गुणांना ‘अ’, ६० ते ७९ टक्क्यांना ‘ब’ आणि त्याखाली ‘क’ अशी श्रेणी देता येते. सगळे संघ ‘अ’ श्रेणीत आले तरी हरकत नसते, कारण लढत ठरलेल्या निकषाशी असते. फिरती ढाल सर्वाधिक गुणांच्या संघाला जरूर द्यावी. परंतु प्रत्येक संघाला त्याची भरलेली गुणपत्रिका परत मिळणे अधिक गरजेचे आहे. कोठे गुण गेले हे कळले, तरच पुढच्या वर्षी सुधारणा होते. आक्षेप असल्यास तो संघनायकाने मांडावा आणि त्याला उत्तर परीक्षकाने द्यावे. शिक्षक-पालकांनी यात पडू नये.

शिबिर रविवारी संपले तरी काम संपत नाही. दवाने भिजलेले तंबू वाळविल्याशिवाय गुंडाळले तर त्यांना बुरशी लागते, म्हणून सोमवारी ते शाळेच्या आवारात पसरावेत. चुलीच्या जागा विझवून, माती सारखी करून, कचरा सोबत नेऊन जागामालकाला मैदान दाखवूनच निरोप घ्यावा. आठवडाभरात संघनायकांची बैठक घेऊन साहित्य, वेळ, जेवण आणि गुणपद्धतीबद्दल त्यांचे म्हणणे लिहून घ्यावे. पुढील वर्षीच्या नियोजनाची वही याच बैठकीत उघडली, तर नव्या संयोजकांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.